जावयानं दगड उचलायचा नसतो

"एफआयआर केली?"

"नाई बाई."

"एमएलसी झाली?"

"थे काय राह्यते?"

"दवाखान्याचे कागद हो, कागद! काही आणलं का भाऊ, की नुसतेच आले?"

मी काळा कोट चढवता चढवता बोलत होते. वाशिमच्या कोर्टात माझं प्रकरण पुकाराला आलं होतं आणि चष्मा सापडत नव्हता. मला राग यायला एवढं पुरतं. दारात उभा असलेला माणूस पन्नाशीचा होता, टोपी हातात धरलेली. नाव देविदास. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका खेड्यातून पहिल्या बसनं आला होता. म्हणाला, पंधरा दिवसांमागं बायकोच्या हातावरून पार्सलच्या गाडीचं चाक गेलं.

"एक इचाराचं होतं, बाई."

"आधी कागद आणा, मग विचारा. कागदाशिवाय मी काय सांगू, डोंबल?"

आणि मी जिना उतरले. दुपारी परत आले तेव्हा बाक रिकामा होता. तीस वर्षांच्या वकिलीत अशी किती माणसं आली आणि गेली. मी त्याला विसरून गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी हकिकत मी दुसऱ्यांच्या चुकांची म्हणून सांगितली तर ते बरं दिसणार नाही.

मी मोटार अपघाताचे दावे चालवते. रस्त्यावर गाडीनं कुणाला मारलं, मोडलं, की त्याच्या भरपाईचा अर्ज एका वेगळ्या न्यायाधिकरणापुढं जातो. तिथं चार गोष्टी विचारतात. गाडी कोणती, चालवत कोण होतं, चूक कोणाची, आणि माणसाचं नुकसान किती. बाकी सगळा कागदांचा खेळ. म्हणून मी कागद कागद करते. सवय झाली आहे जिभेला.

देविदास परत आला तो होळी होऊन गेल्यावर. सोबत बायको. सुमनबाई, पंचेचाळिशीची, अंगानं काटक. उजवा हात पदराखाली होता. मला वाटलं, बाई उन्हाची आली आहे, पदर सावरून बसली आहे.

"आणले का कागद या वेळी?" मी विचारलं. आवाज तोच, दरडावणीचा.

तिनं डाव्या हातानं पिशवीतून कागद काढले, तेव्हा पदर सरकला. मनगटापासून पुढं काहीच नव्हतं. टाक्यांची जागा अजून लाल होती. मी पाणी द्यायला उठले, तर ग्लास तिच्या उजव्या बाजूला ठेवून बसले. तिनंच तो मुकाट्यानं डावीकडं ओढून घेतला.

"सांगा," मी म्हटलं. "सावकाश सांगा."

सुमनबाईंना स्वतःचं मूल नाही. दिराची बायको गेली तेव्हा त्याची पोरगी पूजा तीन वर्षांची होती. तिला यांनीच वाढवलं, यांनीच लग्न लावून दिलं. जावई प्रवीण पार्सल पोचवायची गाडी चालवतो. आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो ती. मोबाइलवरून मागवलेलं सामान आता खेड्यापाड्यात जातं, ते नेणाऱ्या एका ठेकेदाराकडं तो कामाला होता. लग्नाला पाच महिने झाले होते. त्या दिवशी गावातलंच एक पार्सल होतं, म्हणून तो सासऱ्याकडं चहाला थांबला.

घर चढावर आहे. समोर ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता, चांगला उताराचा. गाडीचा हँडब्रेक ढिला होता. त्या गल्लीत कोणतीही गाडी थांबली की मागच्या चाकाला दगड लावतात. सुमनबाईंच्या दारात त्यासाठी एक काळा दगड कायमचा पडलेला असतो. देविदासनं तो लावला. चहा झाला, शिरा झाला. निघताना प्रवीण दगड काढायला वाकला.

"म्या म्हटलं, राहू द्या, राहू द्या," सुमनबाई सांगत होत्या. "जावयानं दगड उचलाचा असते काय? शेजारीन पाहून राह्यली होती वसरीतून. लोक काय म्हनतीन, जावयाले कामाले लावलं! तुमी बसा गाडीत, म्या काढतो."

दगडावर गाडीचं ओझं आलेलं असतं. तो निघायला गाडी वीतभर पुढं घ्यावी लागते. प्रवीणनं घेतली. सुमनबाईंनी चाकामागं हात घातला. तेवढ्यात गाडी बंद पडली आणि मागं आली.

"बोटं दगडावर होती. चाक वर," त्या म्हणाल्या.

देविदास खिडकीबाहेर बघत होता.

प्रवीणनं त्यांना पार्सलांच्या मधोमध झोपवलं आणि तीच गाडी दवाखान्यात नेली. तो गाडी लावायला मागं राहिला. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आणि त्या माउलीनं, हाताचा चेंदामेंदा झालेला असताना, शुद्ध जायच्या आधी काय सांगितलं? घराच्या भिंतीचा दगड हातावर पडला. नवऱ्यानं मान हलवली. डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं ते लिहिलं. त्यांचा काही दोष नाही.

मी तो केसपेपर हातात धरून बसले होते. हिस्ट्रीच्या रकान्यात एकच ओळ. आमच्या धंद्यात या ओळीला फार मान. का, तर पहिल्या तासात माणूस खरं बोलतो असं समजतात. वकील भेटलेला नसतो, कुणी शिकवलेलं नसतं. गाडीचा नुसता उल्लेख असता तरी डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं असतं. त्या नोंदीलाच एमएलसी म्हणतात. दगड पडला म्हटल्यावर कोण कशाला कळवतो?

"काहून सांगितलं असं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जावई हाये ना थो," सुमनबाई म्हणाल्या. जणू मीच वेडी.

"अहो पण हात तुमचा गेला!"

"तवा कुठं गेल्ता? तीन हप्त्यांनी अकोल्याले कापला. सडून राह्यला होता."

मग देविदास पहिल्यांदा बोलला. "म्या आल्तो ना बाई तुमच्याकडं. तवा हात होता."

"काय विचारायचं होतं तुम्हाला?"

"हेच, का जावयाले जेल होईन काय. होत नसन तं खरं सांगतो म्हटलं."

माझं कपाळ. एवढंच विचारायचं होतं त्याला. आणि त्याचं उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असता? कोट चढवता चढवता दिलं असतं. ते उत्तर असं होतं: गुन्हा दाखल होईल, पण जामीन ठाण्यातच मिळतो. बहुतेक वेळा दंडावर भागतं. आणि भरपाई जावयाच्या खिशातून जात नाही. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा लागतो. गाडीनं बाहेरच्या माणसाला इजा केली तर पैसे विमा कंपनी देते, मग ड्रायव्हर जावई असो की वैरी. ड्रायव्हर स्वतः जखमी झाला असता तर त्याला मालकाकडं कामगार म्हणून मागता आलं असतं, तो रस्ता वेगळा. इथं सुमनबाई गाडीबाहेर होत्या. रस्ता सरकारी होता. सरळ दावा होता हो. पंधरा दिवसांनीही पोलिसांत खरा जबाब देऊन सावरता आला असता. हात वाचला असता असं मी म्हणत नाही, तो डॉक्टरांचा विषय. दावा नक्की वाचला असता.

"मग आता का आलात?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच," सुमनबाई म्हणाल्या. "थो जेवत नाई बाई आमच्या घरी. दिवाळसनाले बोलावलं. पह्यला सन. पूजानं ताट वाढलं. ओट्यावर बसून राह्यला, घास नाई घेतला. मामी, म्हने, मी ठान्यात जातो, नाईतर मले या घरचं पानी बी नको. पोट्टीले सातवा महिना हाये. असा कसा संसार होईन तिचा?"

"आणि तुमचं काय?"

त्यांनी हाताकडं पाहिलं, नसलेल्या. "सोयाबीन सोंगाले माह्या पुढं कोनी नव्हतं. चाळीस बाया राहो, पह्यली पात माही निघे. औंदा वसरीत बसून पाह्यलं त्यायच्याकडं. विळा डाव्या हातानं धरून पाह्यला, तं पायालेच लागला." मग एकदम म्हणाल्या, "नकली हात भेटते म्हंतात. बोटं वळते त्याचे. खरं हाये काय?"

खरं होतं. म्हणजे मिळतो, पण सरकारी दवाखान्यात मिळणारा तसा नसतो. दावा जिंकला तर घेता येईल, मी म्हटलं. असं बोलू नये वकिलानं. बोलले.

हिशेब केला तर बारा दिवस उरले होते. कायद्यात आता सहा महिन्यांत अर्ज टाकायचं लिहिलं आहे. मी देविदास आणि सुमनबाईंना ठाण्यात नेलं. ठाण्यातली अर्धी माणसं पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला गेली होती. तीन खेटे घातले. ज्या जमादारांकडं प्रकरण गेलं ते भले गृहस्थ होते, पण जबाब लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवला.

"मॅडम, सहा महिने झोपले होते काय हे लोक? अन् ड्रायव्हर स्वतःच म्हणते, मी मारलं. असं कुठं राह्यते काय?"

"इथं आहे," मी म्हटलं. "लिहा."

प्रवीण बाकावर बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा, उंच, खांदे पाडून बसलेला. मी त्याला बाजूला घेतलं. "बघ, गुन्हा कबूल केलास की नोकरी जाईल. ठेकेदार ठेवणार नाही. पूजाला विचारलंस का?"

"तिनंच धाडलं," तो म्हणाला. "मॅडम, मामीले हात भेटला पाह्यजे."

नोकरी त्याच आठवड्यात गेली. मालेगावच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, दंड भरला. आता तो तिथल्या आडतीवर पोती उचलतो. अर्ज आम्ही मुदतीच्या दोन दिवस आधी टाकला.

मग दोन वर्षं तारखा.

विमा कंपनीचे वकील माझ्या ओळखीचे. कोर्टाबाहेर आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. त्यांनी त्यांचं काम केलं, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं, अशी इजा दगड पडून होऊ शकते का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकते. चाकानं? त्यानंही होऊ शकते.

मग प्रवीण उभा राहिला. त्यांनी त्याच्यापुढं एक कागद ठेवला. गाडीवाल्यांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक पार्सलची नोंद होते, त्याची प्रत होती.

"त्या दिवशी दुपारनंतरची ही आठ पार्सलं. शेरा काय आहे? वाचा."

"कस्टमर घरी नाही."

"आठही ठिकाणी जाऊन आलात?"

"नाई साहेब. मी दवाखान्यात होतो."

"मग घरी कोणी नाही, हे तुम्हाला दवाखान्यातून दिसलं?"

कुणीतरी मागं हसलं. प्रवीणनं खरं ते सांगितलं. पार्सल राहिलं की काहीतरी शेरा मारावाच लागतो, सगळे हाच मारतात. ठेकेदाराला कळू नये म्हणून त्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून आठ वेळा तेच बटन दाबलं होतं. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पुन्हा तेच, बघा. मी कागद तपासले, माणसाला विचारलं नाही.

सुमनबाईंची उलटतपासणी दहा मिनिटं चालली.

"डॉक्टरांना तुम्ही सांगितलं, दगड पडला?"

"हाव."

"ते खोटं होतं?"

"हाव साहेब."

"म्हणजे गरज पडली की तुम्ही खोटं बोलता."

"जावयासाठी बोललो."

"आजही जावई तुमच्यासाठीच बोलतो आहे. घरातल्या घरात ठरवून भरपाई घ्यायची, असंच ना?"

मी उठले, हरकत घेतली, माझा आवाज चढला. न्यायाधीशांनी मला खाली बसवलं. सुमनबाई गोंधळल्या नाहीत. त्यांनी पदर बाजूला केला आणि हात कठड्यावर ठेवला. "साहेब, तवा खोटं बोललो थे तुमी खरं धरून राह्यले. आता खरं बोलून राह्यलो तं खोटं म्हंता. म्या आता काय बोलू?"

टायपिंग करणाऱ्या बाईनं विचारलं, हे लिहायचं का? न्यायाधीश म्हणाले, लिहा.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. गाडीचा अपघाताशी संबंध सिद्ध झाला नाही. पहिला कागद दगडाचा, तक्रार सहा महिन्यांनी, ड्रायव्हर घरचा जावई, मोबाइलची नोंद उलटी. चूक कोणाचीही असो, ठरावीक भरपाई देणारं एक कलम आहे, तेही मी मागितलं होतं. पण तिथंही गाडी होती एवढं तर दाखवावं लागतं. न्यायाधीशांनी निकाल चांगला लिहिला आहे. कुठं शिव्या द्यायला जागा नाही. मालेगावच्या कोर्टात प्रवीण दोषी आहे, आणि वाशिमच्या कागदावर त्याच्या गाडीनं कुणालाच काही केलेलं नाही. मी त्या दिवशी घरी गेले आणि रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, कोटासकट स्वयंपाकघरात बसून रडले.

अपील नागपूरला टाकायचं होतं. सहीला त्यांना बोलवायची लाज वाटली, म्हणून मीच माझी गाडी घेऊन गेले. गल्लीत गाडी चढावर उभी केली. देविदासनं न बोलता तोच काळा दगड आणून मागच्या चाकाला लावला.

प्रवीण आणि पूजा आले होते. त्यांची मुलगी वसरीत दुडुदुडु धावत होती. चहा झाला. मी वकीलपत्र पुढं केलं आणि शाई काढायला लागले, अंगठ्यासाठी.

"सही करतो," सुमनबाई म्हणाल्या.

दोन वर्षांत त्या डाव्या हातानं लिहायला शिकल्या होत्या. सु लिहायलाच मिनिट गेलं. कागद सरकत होता, उजव्या हातानं तो दाबून धरायची त्यांना सवय, तो हात पुढं आला आणि मनगटाचं टोक कागदावर टेकलं. मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"वकीलबाई, नागपूरले भेटन काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कठीण आहे."

"बरं झालं खरं सांगतलं," त्या म्हणाल्या. प्रवीणच्या ताटलीत शिरा होता. तो खात होता. त्यांनी आणखी एक चमचा वाढला. "हे तं झालं," एवढंच म्हणाल्या.

मी निघाले. गाडीत बसले तसा देविदास उठला, पण प्रवीण त्याच्या आधी चाकामागं पोचला होता. सुमनबाई सवयीनं म्हणाल्या, "राहू द्या जाव..." आणि थांबल्या. शेजारीण तिच्या वसरीत उभी होती. तीही बघत होती. कुणी काही म्हटलं नाही.

"मॅडम, वीतभर पुढं घ्या," प्रवीण वाकूनच म्हणाला. "अन् बंद नका पडू देऊ."

पहिला गिअर पडला आहे ना, हे मी दोनदा तपासलं. वीस वर्षं गाडी चालवते मी. गाडी वीतभर पुढं घेतली, हँडब्रेक ओढून धरून ठेवली. आरशात तो दोन्ही हातांत दगड घेऊन बाजूला झाला, तेव्हाच मी हँडब्रेक सोडला.

अपील पडून आहे. मी आता प्रत्येकाला दोन गोष्टी सांगते. डॉक्टरांना पहिल्या तासात खरं सांगा, समोर कुणीही असो. दुसरी गोष्ट मी स्वतःलाच सांगते. दारात कुणी टोपी हातात घेऊन उभं राहिलं की मी कोट काढून खुर्चीवर ठेवते आणि म्हणते, "बसा भाऊ. काय विचारायचं होतं?"